पाकिटातली केस : तोंडी परीक्षा बदलताना

फायनल बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या) व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न व्याख्येचा असतो. ‘ल्यूकोप्लेकिया म्हणजे काय?’, ‘सबम्यूकस फायब्रोसिसचं वर्गीकरण सांगा’, ‘बिसेक्टिंग अँगल टेक्निकचे तोटे सांगा’. विद्यार्थी घडाघडा सांगतो, परीक्षक मान हलवतात, पुढचा रोल नंबर आत येतो. विदर्भातल्या एका डेंटल कॉलेजात मी ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचं निदान) शिकवते आणि अशा व्हायवांच्या टेबलापलीकडे बरीच वर्षं बसले आहे. त्या विद्यार्थ्याला व्याख्या येते, एवढं मला तिथं कळतं. उद्या ओपीडीत पेशंट ‘दात दुखते जी’ म्हणत खुर्चीत बसला, तर हा मुलगा पहिल्या पाच मिनिटांत काय विचारेल, काय गृहीत धरेल आणि कुठं थांबेल, हे मात्र कळत नाही.

डेंटल कौन्सिलच्या २००७ च्या नियमावलीत प्रत्येक विषयाचे २०० गुण आहेत. लेखी ७०, तोंडी २०, अंतर्गत १०. आणि प्रात्यक्षिकाचे ९० अधिक अंतर्गत १०. तोंडीचे वीस गुण कमी वाटतात, पण विद्यार्थ्याचं डोकं कसं चालतं हे समोरासमोर ऐकायला मिळतं ते याच वीस गुणांत. लेखी पेपरात मुलं उत्तर लिहितात, प्रात्यक्षिकात हात दिसतो. ‘हे का?’ आणि ‘हे का नाही?’ असं उलटून विचारायची सोय फक्त व्हायवात आहे. ती जागा आपण पाठांतर ऐकण्यात घालवतो याचं मला मनापासून दुःख होत होतं. म्हणून विद्यापीठाच्या परीक्षेला हात न लावता, आमच्या हातात असलेल्या प्रिलिमची तोंडी परीक्षा नव्यानं आखायची असं विभागात ठरवलं.

पहिला आक्षेप आमच्याच एका ज्येष्ठ सरांनी घेतला आणि तो रास्त होता. ते म्हणाले, ‘अहो, तोंडी परीक्षा जगभर बदनाम आहे ती उगाच नाही.’ खरं आहे. अमेरिकेत वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेतून रुग्णाशेजारची तोंडी परीक्षा १९६० च्या दशकातच काढून टाकली, कारण एकाच विद्यार्थ्याला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी जुळत नव्हते. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डन या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांनी १९७५ मध्ये ऑस्की (ठरावीक टेबलांवर फिरत द्यायची क्लिनिकल परीक्षा) मांडली, त्यामागंही हीच अस्वस्थता होती: सगळ्यांना सारखा पेशंट, सारखा वेळ, सारखे निकष मिळाले पाहिजेत. आपल्याकडं तर नीटनेटकं इंग्रजी बोलणारा, आत्मविश्वासानं बसणारा मुलगा दोन गुण आधीच घेऊन आत येतो. सकाळचे परीक्षक उदार असतात, जेवणानंतरचे कंटाळलेले असतात.

सरांचा आणखी एक मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटला. मिशिगन स्टेट विद्यापीठात एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात डॉक्टरांच्या विचारप्रक्रियेवर मोठं काम केलं. त्यांना असं आढळलं की एका केसमध्ये उत्तम विचार करणारा दुसऱ्या केसमध्येही तसाच करेल याचा भरवसा नसतो. म्हणजे ‘क्लिनिकल रीझनिंग’ असा एखादा सरसकट गुण नाही, जो एकदा तपासला की झालं. एकच लांबलचक केस देऊन अर्धा तास उलटतपासणी करण्याची आमची पद्धत इथंच कोसळते. ज्याला नेमकी तीच केस ओपीडीत पाहायला मिळाली होती तो तरतो.

मग प्रत्येकाला एकाऐवजी दोन छोट्या केसेस, मिळून पंधरा मिनिटं, असं ठरलं. शंभर विद्यार्थी, प्रत्येकी पंधरा मिनिटं म्हणजे नुसते २५ तास. आणि दोन परीक्षक धरले तर शिक्षकांचे ५० तास. हा आकडा मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला तेव्हा सगळे गप्प झाले. शेवटी दोन पॅनेल समांतर बसवून, ओपीडी अर्ध्या मनुष्यबळावर चालवून ते जमवावं लागलं. असा बदल सुचवणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडावा, नाहीतर उत्साह पहिल्याच दिवशी संपतो.

केसेस लिहिणं हे खरं काम होतं. त्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि आनंदही तिथंच मिळाला. नियम एकच ठेवला: माहिती विद्यार्थ्याला आयती द्यायची नाही. परीक्षक दोन ओळींत तक्रार वाचून दाखवणार. पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे इतिहास, तोंडातले फोटो, एक्स-रे, पल्प टेस्टचे (दाताच्या आतली नस जिवंत आहे का ते पाहणाऱ्या चाचणीचे) निकाल, रक्ताचे रिपोर्ट, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलेली. विद्यार्थी मागेल तेच पाकीट उघडायचं. मागितल्याशिवाय काही मिळणार नाही, आणि मागताना ‘हे कशासाठी हवं?’ याचं उत्तर द्यावं लागेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ‘ट्रिपल जंप’ नावाची तीन टप्प्यांची तोंडी परीक्षा फार पूर्वीच रुजली. तिचा गाभा हाच आहे की विद्यार्थी समस्या मांडतो, माहिती शोधतो आणि मग आपलं मत पुन्हा तपासतो. तीन टप्पे वेगवेगळ्या वेळी घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. माहिती हळूहळू उलगडण्याची कल्पना मात्र आम्ही घेतली.

माझी सगळ्यात आवडती केस खालच्या पुढच्या दातांची आहे. बेचाळीस वर्षांची बाई. दुसऱ्याच दाढेसाठी काढलेल्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) खालच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांच्या मुळांशी काळे डाग दिसले, म्हणून तिला पाठवलंय. तिची स्वतःची काहीच तक्रार नाही. बहुतेक मुलं एक्स-रेचं पाकीट मागतात, गोल काळा डाग पाहतात आणि म्हणतात, ‘पेरिएपिकल ग्रॅन्युलोमा किंवा सिस्ट. दोन्ही दातांची आरसीटी.’ म्हणजे रूट कॅनाल. या केसमधलं निर्णायक पाकीट वेगळंच आहे. त्यावर लिहिलंय: थंड आणि इलेक्ट्रिक पल्प टेस्ट. ते उघडलं की दिसतं, शेजारचे धरून चारही पटाशीच्या दातांचा प्रतिसाद नॉर्मल आहे. दात किडलेले नाहीत, मार लागल्याचा इतिहास नाही, हिरडीला खोल पॉकेट नाही. पल्प जिवंत असेल तर मुळाशी पल्पमुळं झालेली जखम असणार कशी? इथं विद्यार्थ्याला आपलं पहिलं उत्तर सोडून द्यावं लागतं. हा बहुधा पेरिएपिकल सिमेंटो-ऑसियस डिसप्लेजिया आहे. मध्यमवयीन बायकांत दिसणारा, एक्स-रेत पुढं पुढं पांढरट होत जाणारा हाडातला बदल. उपचार नाही, ठराविक काळानं एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. इथं आरसीटी केली तर दोन धडधाकट दातांचा पल्प आपण विनाकारण काढून टाकतो.

ही केस मी मुद्दाम ठेवली, कारण इथं काही न करण्याचा निर्णय घ्यायचा असतो. आमच्या मुलांना कोटा पूर्ण करायचा असतो: इतक्या आरसीटी, इतके स्केलिंग, इतकी एक्स्ट्रॅक्शन. ‘उपचार नको’ असं ठामपणे सांगायची सवय त्यातून लागत नाही. शिवाय शेवटी एक प्रश्न ठेवला: ‘वर्षभरानं ती आली आणि यातल्या एका दाताला थंडाची संवेदनाच नाही, तर?’ डिसप्लेजियाचं नाव पाठ असलेला इथं अडखळतो. ज्यानं कारण समजून घेतलंय तो म्हणतो, ‘मग त्या दाताचा वेगळा विचार करू. चाचणी पुन्हा करू, शेजारच्या दाताशी ताडून पाहू, मार लागला होता का विचारू.’

केसेस आधी इंटर्न्सवर करून पाहिल्या. त्यातून कार्डांवरची संदिग्ध वाक्यं गळाली आणि परीक्षकानं काय बोलायचं तेही ठरलं. परीक्षकाला फक्त तीन वाक्यांची मुभा होती: ‘पुढे?’, ‘असं का वाटतं?’ आणि ‘याविरुद्ध जाणारं काही आहे का?’ चेहऱ्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दिसू द्यायचं नाही. हे शिक्षकांना फार जड जातं. विद्यार्थी चुकीच्या रस्त्यानं निघाला की आपली जीभ शिवशिवते. आपण हिंट देतो आणि मग त्याला मिळालेले गुण अर्धे आपल्याच हिंटचे असतात.

गुणपत्रिका वीस गुणांचीच ठेवली. पाच शीर्षकं, प्रत्येकी चार गुण: विचारपूस नेमकी होती का, सापडलेल्या गोष्टींचा अर्थ बरोबर लावला का, पर्यायी निदानं मांडली आणि ती कारणासकट बाजूला केली का, काय आधी काय नंतर हा क्रम कळला का, आणि नवी माहिती आल्यावर मत तपासलं का. अंतिम निदानाला वेगळे गुण नाहीत. यावर बरीच वादावादी झाली. ‘निदानच चुकलं तर कसले गुण?’ असं विचारलं गेलं. माझं म्हणणं, आणि ते मी आजही सोडलेलं नाही, असं की दोन मिनिटांत अंदाजानं बरोबर नाव सांगणाऱ्या मुलापेक्षा मला जी मुलगी पायरी पायरीनं जाऊन दोन शक्यतांवर थांबते आणि ‘बायोप्सीशिवाय सांगता येणार नाही’ म्हणते, ती पेशंटसाठी अधिक सुरक्षित वाटते.

मग सगळे परीक्षक एका दुपारी बसलो आणि इंटर्न्सच्या परवानगीनं रेकॉर्ड केलेल्या सराव-व्हायवा ऐकल्या. प्रत्येकानं स्वतंत्र गुण द्यायचे, मग कागद उघडायचे. पहिल्या रेकॉर्डिंगला चौदा आणि आठ असे गुण निघाले. एकच मुलगा, एकच आवाज! चर्चा केल्यावर कळलं की चौदा देणाऱ्यांना त्याचा ओघ भावला होता आणि आठ देणाऱ्यांनी मोजलं होतं की त्यानं एकही शक्यता कारण देऊन बाजूला केलेली नाही. हळूहळू आकडे जवळ आले. परीक्षेच्या दिवशीही दोघांनी आपापले गुण लिहून कागद उलटा ठेवायचा, मगच बोलायचं, हा नियम पाळला. ज्येष्ठ सरांचा आक्षेप याच दुपारी सौम्य झाला. पुढं एक पॅनेल त्यांनीच सांभाळलं.

परीक्षेच्या दिवसांतलं एक उदाहरण सविस्तर सांगते. केस होती सव्वीस वर्षांच्या तरुणाची. कार्डावर एवढंच: ‘तोंड उघडत नाही. रोज चार-पाच खर्रे खातो.’ विदर्भात हे वाक्य ऐकलं की विद्यार्थ्याच्या तोंडून ‘ओएसएमएफ’, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाऊन तोंड उघडेनासं होण्याचा आजार), आपोआप येतं, आणि येणारच. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून बनवलेला खर्रा इथल्या पानठेल्यावर मिळतो आणि सबम्यूकस फायब्रोसिसचे पेशंट आमच्या ओपीडीत रोज असतात. केस रचताना या सवयीचाच विचार केला होता.

एका मुलानं विचारलं, ‘जळजळ होते का? तिखट सहन होतं का?’ पाकिटात उत्तर होतं: थोडी जळजळ, दोन वर्षांपासून. त्याचं समाधान झालं. त्यानं ग्रेड सांगितली, स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं सांगितली, फिजिओथेरपी सांगितली. सगळं पुस्तकाबरहुकूम. मग ठरल्याप्रमाणं आम्ही सर्वांना द्यायची माहिती दिली: पेशंटला ताप आहे, उजवीकडं गिळताना दुखतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘फायब्रोसिस घशापर्यंत गेला असेल.’ नवी माहिती त्यानं जुन्या निदानात बसवून टाकली.

त्यानंतरच्या एका मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘मॅम, कधीपासून?’

‘चार दिवसांपासून.’

‘त्याआधी किती उघडायचं? जेवताना अडायचं का?’

‘जेवताना अडचण नव्हती.’

ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘फायब्रोसिस चार दिवसांत तोंड बंद करत नाही. खर्रा खातो म्हणून फायब्रोसिस असूही शकतो, पण या चार दिवसांचं कारण दुसरं आहे.’ मग तिनं ताप आहे का विचारलं, दुखतं कुठं ते विचारलं, तोंडातला फोटो मागितला. फोटोत उजव्या खालच्या अक्कलदाढेवरची हिरडी लाल, सुजलेली. गालाची आतली बाजू फिकट पांढरी. कार्डावर तोंडाची उघड १८ मिलिमीटर आणि बोटाला लागणारे तंतूंचे पट्टे. तिनं दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडल्या: आजचं कारण पेरिकोरोनायटिस (अक्कलदाढेवरच्या हिरडीची सूज), त्याखाली जुना फायब्रोसिस.

माझ्या सहपरीक्षकांनी विचारलं, ‘पुढे?’

‘आधी हे पाहीन की इन्फेक्शन आत पसरतंय का. थुंकी गिळता येते का, श्वास घेताना त्रास आहे का, आवाज बदललाय का, जिभेखालचा भाग वर उचललाय का. पडजीभ एका बाजूला सरकलीय का तेही पाहायचंय, पण तोंड एवढंच उघडतंय, दिसेल की नाही माहीत नाही. यातलं काही असेल तर इथं थांबवून ठेवणार नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवेन.’

तिचं इंग्रजी बेताचं. ‘ऑपरक्युलम’ हा शब्द तिला त्या क्षणी आठवला नाही. ‘दाढेवरची हिरडीची झापड’ म्हणाली. नेहमीच्या व्हायवात तिला किती गुण मिळाले असते ते मला ठाऊक आहे, कारण तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तिला ते मिळाले होते. या परीक्षेत ती आमच्या पॅनेलसमोर आलेल्यांत सर्वांत वर राहिली.

भाषेचा निर्णय आम्ही आधीच घेतला होता: इंग्रजी, मराठी, हिंदी, हवी ती भाषा, मिसळली तरी चालेल. काहींना हे पातळ करणं वाटलं. विद्यापीठाच्या परीक्षेत इंग्रजीच आहे, मग सवय कशी होणार, हा प्रश्न बरोबर आहे आणि त्यासाठी इंग्रजीतून केस मांडायचा सराव आम्ही वेगळा घेतो. पण इथं मला त्यांचा विचार ऐकायचा होता, आणि गोंदिया-गडचिरोलीच्या गावांतून मराठी माध्यमातून आलेली मुलं विचार मराठीतच करतात. पेशंटला विचारायचं तेही याच भाषेत. इंग्रजीत ती मुलं पाठ केलेली वाक्यं निवडतात, कारण तेवढीच वाक्यं सुरक्षित असतात. मराठीत बोलू दिलं की ‘पण’, ‘तरीही’, ‘नाहीतर मग’ ऐकू येऊ लागतात, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

केस फुटण्याची भीती होतीच. बाहेर पडलेला मुलगा हॉस्टेलवर जाऊन सगळं सांगणार, त्यात त्याचं काय चुकलं? म्हणून एकाच सांगाड्याच्या दोन-तीन आवृत्त्या केल्या. खर्रा खाणाऱ्या तरुणाच्या जागी दुसऱ्या दिवशी मिसरी लावणारी बाई आली. ओठाच्या आत, मिसरी ठेवते तिथंच पांढरा चट्टा. पण चट्ट्याच्या कडेला एक लाल, खडबडीत भाग, जो फोटो नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. बायोप्सी कुठून घ्यायची हा तिथला खरा प्रश्न. दुसऱ्या एका आवृत्तीत डाव्या खालच्या जबड्याचं दुखणं होतं, ज्याला दातात कारणच सापडत नाही आणि जे जिना चढताना येतं, बसलं की जातं. ‘कधी दुखतं?’ हे विचारणाऱ्याला हृदयाचा संशय येतो. न विचारणारा दाढ शोधत बसतो. या केसला विद्यार्थी बाहेर पडताना अस्वस्थ होते, आणि त्यातल्या काहींनी त्याच संध्याकाळी मला गाठून त्यावर बोलणं सुरू केलं.

निकालानंतर प्रत्येकाला त्याची गुणपत्रिका पाच शीर्षकांसकट दाखवली. ‘तुला वीसपैकी अकरा’ एवढं सांगून काही उपयोग नाही. ‘माहिती छान गोळा केलीस, पण एकही शक्यता बाजूला केली नाहीस’ हे सांगितलं की पुढच्या पोस्टिंगमध्ये काय बदलायचं ते मुलाला कळतं. लेखीत वरच्या नंबरात असलेल्या काही मुलांना इथं धक्का बसला. त्यांच्याशी बोलताना मी काळजी घेतली, कारण त्यांची मेहनत खोटी नव्हती. आजवरच्या कुठल्याच परीक्षेनं त्यांच्याकडून दुसरं काही मागितलं नव्हतं.

विद्यापीठाच्या व्हायवाला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, त्यांची पद्धत त्यांची असते, ती मी बदलू शकत नाही. पण आपल्या विभागात एवढं करायला कुणाची परवानगी लागत नाही. आता प्रोस्थोच्या (कृत्रिम दातांच्या) विभागालाही त्यांच्या प्रिलिमसाठी केसेस लिहायच्या आहेत. त्यांच्या सरांनी पहिला कच्चा मसुदा पाठवला आहे: साठीची बाई, सगळे दात काढून कवळी हवी, जखमा भरत नाहीत. कार्डाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी एचबीए१सीचा (मधुमेहाच्या रक्ततपासणीचा) आकडा लिहून टाकला होता. मी तो पाकिटात टाकायला सांगितलाय, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून तिला दिलेल्या इंजेक्शनाचं एक पाकीट वेगळं करायला.